वाघाटी उलटायची वेळ

रखमाजीने पाट करवतीने कापला आणि विठाबाईने गाठोडं बांधलं, या दोन गोष्टींच्या मध्ये एक विडा चघळून होईल एवढाही वेळ गेला नाही.

पाट सागाचा होता. विठाबाईच्या माहेराहून, वराळ्याहून, लग्नात आलेला. त्याच्यावर मांडी घालून रखमाजीने आजवर सगळ्या भाकऱ्या खाल्ल्या होत्या. आता तो एका अंगाला रुंद आणि दुसऱ्या अंगाला निमुळता, बैलाच्या जिभेसारखा झाला होता, आणि उशीला अभ्रा चढवावा तसं रखमाजी त्याच्यावर एका मेलेल्या वाघाटीचं कातडं चढवत होता.

"ह्यो माजा पाट," विठाबाई म्हणाली.

"पाटच हाय की अजून. जरा बारीक केलाय."

"आन् तुमी जेवायला कशावर बसनार?"

"भुईवर बसंन. भुईला काय झालंय?"

"बसा. भुईवर बसा, भुईवर निजा, आन् त्या मांजराला पाटावर बसवा. त्याला वाडायला बी तुमीच उटा." तिने गाठोड्याची गाठ दाताने आवळली. "अवो, आठ दिस झालं, भाकरीला त्याचा वास, पान्याला त्याचा वास. माज्या लुगड्याला वास येतोय म्हनून पानवठ्यावर बाया लांब सरत्यात. आता ह्यो वास घरातनं जाईल तवाच मला न्यायला या. त्याच्या आदी वराळ्यात पाय टाकू नका."

"आगं, पन खंडोबाची सट आलीया. देवाचं कोन करनार?"

"त्या मांजराला इचारा," असं म्हणून ती वलवणहून लोणावळ्याच्या स्टेशनाकडे चालू लागली. तिच्या पाठीवर सकाळचं ऊन पडलं होतं. ती वळून बघेल म्हणून रखमाजी बराच वेळ हातात शेपूट धरून उभा राहिला.

खरं बोलायचं तर हे सगळं विठाबाईनेच सुरू केलं होतं. भात झोडून झालं, रानं मोकळी झाली, आणि डोंगरातली वाघाटी खाली उतरू लागली. वाघाटी म्हणजे घरच्या मांजराएवढंच जनावर, पण अंगावर बिबट्याचे ठिपके आणि डोळ्यांत बिबट्याचा तोरा. तिने विठाबाईच्या कोंबड्या एकेक करून नेल्या. तेव्हा विठाबाईच म्हणाली होती, "बाप्या मानूस घरात असून कोंबड्या जात्यात. कायतरी करा की."

रखमाजीने करवंदीच्या जाळीत फासा लावला आणि एक वाघाटी धरली. गोष्ट तिथेच संपायची. पण ते ठिपके बघून त्याचा जीव गुंतला. त्याने तिचं पोट चिरलं, कातडं सोललं, कौलांवर उन्हात पसरलं, आणि वाळल्यावर गुंडाळी करून लोणावळ्याच्या बाजारात दीनानाथांच्या दुकानी नेलं. दीनानाथ रानातला हिरडा, शिकेकाई, मध गोळा करून मुंबईच्या पेढीला पाठवायचे, आणि थंडीच्या दिवसांत कातडीही घ्यायचे. कातड्याला ते हात लावत नसत. सगळा व्यवहार छत्रीच्या टोकाने.

त्यांनी छत्रीने गुंडाळी उलगडली. ती कडकड वाजली आणि केसांचा एक पुंजका उडून त्यांच्या चहात पडला.

"हे काय आहे?"

"वाघाटी हाय."

"ही वाघाटी नाही रे बाबा. हे तिचं तेरावं आहे." दीनानाथांनी कपबशी बाजूला सारली. "असं पोट फाडायचं नसतं. मागच्या पायांपासून सोडवायचं आणि बंडी काढावी तसं डोक्यावरून अख्खं ओढून घ्यायचं. पिशवीच्या पिशवी. आतली चरबी खरवडून काढायची. मग फळीवर चढवायचं, केस आत आणि कातडी बाहेर. सावलीत वाळवायचं. आणि अर्धं वाळलं की उलटायचं, केस बाहेर. मुंबईचे लोक ठिपके बघून घेतात, आतली कातडी बघून कोण घेईल?"

"अर्दं वाळलं ते कळायचं कसं?"

"पापड अर्धा वाळतो तेव्हा कसा लागतो हाताला? तसं. लवकर उलटलंस तर आत कुजेल. उशीर केलास तर उलटणारच नाही, फाटेल. मी सटीच्या दिवशी हिरड्याची गाडी घेऊन वलवणला येणार आहे. तेव्हा दाखव."

"आन् ह्ये घेऊन मुंबईवालं करत्यात काय?"

"मडमा गळ्यात घालतात."

हे शेवटचं वाक्य दीनानाथ बोलले नसते तर विठाबाईचा पाट वाचला असता. रखमाजी घरी आला तो वेगळाच माणूस होऊन. आपल्या करवंदीच्या जाळीतली वाघाटी मडमेच्या गळ्यात बसून मोटारीतून हिंडते आहे, हे त्याला भाकरी खातानासुद्धा दिसू लागलं. कोंबड्या राहिल्या बाजूला. त्याने दुसरी वाघाटी धरली, बंडी काढावी तशी सोलली, विळ्याच्या पाठीने चरबी खरवडली, आणि फळी शोधू लागला. घरात बोटभर जाडीची, गुळगुळीत, कातड्याला न टोचणारी फळी एकच होती.

विठाबाई गेल्यावर त्याने मनाशी गणित मांडलं. कातडं विकलं की वास गेला. वास गेला की विठा आली. म्हणजे आता सगळं त्या उलटण्यावर आलं.

पण वलवणला त्या दिवसांत काही वाळतं का? धरण झाल्यापासून पहाटेचं धुकं पाण्यावरून उठायचं आणि पाहुण्यासारखं दारातून आत येऊन बसायचं. ते दुपारपर्यंत उठायचं नाव घेत नसे. कातडं सकाळी ओलं, दुपारी दमट, संध्याकाळी पुन्हा ओलं. वास मात्र रोज नवा. रखमाजी दर थोड्या वेळाने जाऊन कातड्याला बोट लावायचा आणि पापड आठवायचा. पापड त्याने ताटात पाहिला होता. अर्धा वाळलेला पापड त्याने आयुष्यात हातात धरला नव्हता. घरात ते ज्याला ठाऊक होतं ते माणूस वराळ्याला जाऊन बसलं होतं.

शेवटी तो शेजारच्या कस्तुराबाईकडे गेला. कस्तुराबाई त्याच्या आईच्या वयाची, जात्यावर बसली होती.

"मावशी, जरा येऊन हात लावून बघतीस का? पापडावानी झालंय का बग."

"कशाला हात लावू?"

"वाघाटीला."

कस्तुराबाईने जातं थांबवलं. "रखमा, मी इटाळ माननारी बाई न्हाई पन ताळाची हाय. मेलेल्या मांजराला पापड म्हनतोस? आरं, उद्या माज्या पापडाला कोन तोंड लावंल?"

"मंग मी काय करू?"

"फेकून दे वड्यात आन् बायकूला घेऊन ये."

"रिकाम्या हातानं कसा जाऊ मावशी? पाट बी गेला आन् कातडं बी गेलं, असं सांगू?"

कस्तुराबाईने पुन्हा जात्याचा खुंटा धरला. दुसऱ्या दिवशी पहाटे धुक्यातून जात्याची घरघर आली आणि तिच्याबरोबर नवीच ओवी आली:

*धनी माझा गं शिकारी, वाघाटीचा करी थाट*
*जेवायाला बसायाला, न्हाई उरला गं पाट*

ओवीला पाय असतात. ती उजाडेपर्यंत आळीत पोचली आणि दिवस वर येईतो पाणवठ्यावर. गुराखी पोरं रखमाजीच्या दारावरून ती म्हणत गेली. रखमाजीने ऐकून घेतलं. गळा गोड होता कस्तुराबाईचा, हेच त्याला जास्त लागलं.

सट जवळ आली तसा त्याचा धीर सुटला. त्याने फळी उचलून चुलीवर धुरात टांगली. रात्रीत धुराने आणि धगीने जे करायचं ते केलं. सकाळी त्याने कातड्यावर टिचकी मारली तर दारावर मारल्यासारखा आवाज आला. ते आता अर्धं वाळलेलं नव्हतं. ते अर्ध्याच्या कितीतरी पुढे निघून गेलं होतं. त्याने उलटायचा प्रयत्न केला, तेव्हा नाकापाशी कर्रकन आवाज झाला आणि तो खाली बसला. त्याच्या डोळ्यांपुढची मडम मोटारीतून उतरून पायी चालू लागली.

मग त्याने मनाचा हिय्या करून ओलं फडकं कातड्याला गुंडाळलं. आजाऱ्याच्या कपाळावर पट्टी बदलावी तसं तो दिवसभर फडकं बदलत राहिला. आणि संध्याकाळी, देवाला दया आली म्हणा की पाण्याला, कातडं मऊ पडलं. रखमाजीने फळी काढली, आत हात घातला, मान धरली, आणि हळूच, बाळाचं अंगडं काढावं तसं ओढलं. ठिपके बाहेर आले. सोनेरी अंगावर काळे ठिपके, जसे भिजल्या कवड्यांवर दिव्याचा उजेड पडावा. नाकापाशी थोडं फाटलं होतं, तेवढंच. आकार धरावा म्हणून त्याने आत भाताचा पेंढा भरला. वाघाटी पुन्हा अंगाने भरली. घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तो तिलाच म्हणाला, "बगायला पायजे हुतीस विठा तू."

सटीचा दिवस उजाडला. खंडोबाचा सण. विठाबाई नाही म्हणून कस्तुराबाईनेच भरीत केलं, बाजरीचे रोडगे थापले. तळी उचलायला गावचे म्हातारे कोंडाजीआबा आणि आणखी तिघे जण जमले. रखमाजीला धरून पाच झाले. दीनानाथांची गाडी यायची होती म्हणून रखमाजीने वाघाटी ओट्यावर, वारं लागेल अशी नीट मांडून ठेवली होती.

या दिवसाची एक रीत मावळात कोणाला सांगावी लागत नाही. कुत्रं हे खंडोबाचं. सटीला त्याला हाड म्हणायचं नाही, त्याच्यावर काठी उचलायची नाही. उलट त्याला बोलावून नैवेद्य घालायचा. त्यामुळे गावातली कुत्री त्या दिवशी फार सज्जनासारखी, कुठे घाई नाही, कुठे भीती नाही, अशी दारोदार जेवत हिंडतात.

कस्तुराबाईने कुत्र्यांसाठी रोडग्याचे तुकडे मोडले आणि ओट्याच्या कडेला ठेवले. इकडे पाची जणांनी बसून तळीला हात लावला. ताम्हणात नारळ, सुपारी, भंडारा. तळी एकदा उचलली की ती पुन्हा खाली टेकेपर्यंत हात सोडायचा नाही.

"येळकोट येळकोट," कोंडाजीआबांनी सूर लावला.

"जय मल्हार," बाकीचे म्हणाले.

रखमाजीचं तोंड दाराकडे होतं. दारातून त्याला ओटा दिसत होता. ओट्यावर एक पिवळं कुत्रं आलं. त्याने रोडगा हुंगला, मान वर केली आणि वाघाटीकडे पाहिलं.

"येळकोट येळकोट."

"जय मल्हार, मावशी, कातडं," रखमाजी एका दमात म्हणाला.

"रखमा, मधी बोलू नगं," आबांनी डोळे न उघडता सांगितलं. "सदानंदाचा येळकोट."

आणखी दोन कुत्री आली. पिवळ्याने शेपूट धरली. काळ्याने मान धरली. तिसरं नुसतंच बघत उभं राहिलं, जसं पंचाईतीत एखादं असतं.

"मावशी, हाकल ना."

"आज?" कस्तुराबाईने चुलीपासूनच विचारलं. "देवाच्या दिशी? माज्या हातानं न्हाई व्हायचं."

"मंग तळी धरा कुनीतरी. आबा, माजा हात सोडवा."

"सोडलास तर घरादारावर येईल," आबा म्हणाले. "येळकोट येळकोट."

"जय मल्हार," रखमाजी म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. आबांना ते भक्तीचं वाटलं. त्यांनी सूर आणखी लांबवला.

तळी खाली टेकली तेव्हा ओट्यावर पेंढा उरला होता. कुत्री वाघाटीला घेऊन आळीच्या टोकाला गेली होती, तिथे तिचे भाग झाले. आणि गाडीच्या बैलांची घुंगरं वाजली. दीनानाथ छत्री टेकत आले, पेंढ्याकडे बघितलं, मग लांब धुळीत चाललेल्या ओढाताणीकडे बघितलं.

"तेच का?"

"व्हय," रखमाजी म्हणाला.

"केस बाहेर होते वाटतं."

"हुते."

"चांगलं केलं होतंस मग." त्यांनी सहज म्हटलं, पण ते ऐकून रखमाजी ओट्यावरचा पेंढा गोळा करू लागला. "पुढच्या थंडीत बघू," म्हणून दीनानाथ गाडीत बसले.

कोंडाजीआबांनी रखमाजीच्या कपाळाला भंडारा लावला. "आरं, देवानं सोताच्या तोंडानं निवद घेतला. गावात कुनाच्या दारात असं झालंय का कवा?" सगळ्यांनी त्याच्या नशिबाची वाखाणणी केली. कोणी पाया पडलं. रखमाजी मधे पिवळाधम्मक होऊन उभा होता आणि त्याला जन्मात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

आता एकच राहिलं होतं. वास. त्याने घर सारवलं, वाकळा धरणावर नेऊन धुतल्या, पाटाची जीभ चुलीत घातली, स्वतः शिकेकाईने अंग घासलं ते लाल होईतो घासलं. मग कस्तुराबाईला बोलावलं, कारण स्वतःच्या नाकावरचा त्याचा विश्वास केव्हाच गेला होता.

"मावशी, खरं सांग. येतोय का?"

कस्तुराबाई उंबऱ्यातून आत फिरली, कोपऱ्याकोपऱ्यात हुंगली. "घराला न्हाई येत," ती म्हणाली. मग जरा त्याच्याजवळ आली आणि पदर नाकाला लावून मागे सरली. "तुला येतोय."

तरी तो गेला. लोणावळ्याला तळेगावची गाडी धरली. डब्यात माणसं दाटीने बसली होती, पण कामशेत यायच्या आधीच त्याच्या बाकावर तो एकटा उरला. समोरच्या बाईने पोराला मांडीवर फिरवून घेतलं. रखमाजी खिडकीबाहेर तोंड करून बसला. इंद्रायणीकाठची हिरवी गव्हाची शेतं मागे पळत होती आणि प्रत्येक शेत आपल्यापासूनच पळतंय असं त्याला वाटत होतं. विठा काय म्हणेल हे त्याला पाठ होतं. ती दारातूनच परत फिरवील, आणि तिचं बरोबरच असेल.

वराळ्यात मेव्हण्याच्या दाराशी पोचला आणि तो थबकला. वास. चांगला ओळखीचा. एवढं घासून, एवढं चालून आपल्याला अजून इतका येतोय? तो अंगणातूनच मागे फिरायला लागला.

"दाजी," आतून भिमाजी धावत आला. भिमाजी विठाबाईचा थोरला भाऊ, आजवर रखमाजीला कधी त्याने बस म्हणून घोंगडी टाकली नव्हती. आज त्याने हात धरला. "बरं झालं आलासा. मी सांगावाच धाडनार हुतो. या, आत या."

सोप्यात, दाराच्या मागे, एका फळीवर वाघाटीचं कातडं चढवलं होतं. केस आत, कातडी बाहेर. फळी देवघराच्या दाराची दिसत होती.

"विठा आली ती रडत आली," भिमाजी सांगू लागला. "वास, पाट, कायबाय म्हनली. म्या फकस्त येवढंच ध्यानात धरलं की मुंबईवालं इकत घेत्यात. दुसऱ्या दिशी फासा लावला. आता समदं झालंय, उलटायचं तेवढं कळत न्हाई. तुमी जानकार. येवढं उलटून द्या, जेवा, आन् मंग भनीला घेऊन जावा."

रखमाजीने कातड्याकडे पाहिलं. कडा वाळल्या होत्या, मधलं अंग अजून लवत होतं. त्याने हात न लावताच ओळखलं. हीच ती वेळ. वलवणला रात्रंदिवस बसून जी त्याला सापडली नाही, ती इथे दुसऱ्याच्या घरात त्याची वाट बघत होती. आणि पहिल्यांदाच कोणीतरी त्याला जाणकार म्हटलं होतं. त्याची बोटं आपोआप पुढे झाली.

"हात लावला तर मी हितंच ऱ्हाईन," मागच्या दारातून आवाज आला.

विठाबाई परसातल्या चिंचेखाली बसली होती. गाठोडं मांडीवर. आल्यापासून ती बहुतेक तिथेच बसत असावी. तिच्याशेजारी भिमाजीची बायको शालूबाई तोंडाला पदर बांधून तांदूळ निवडत होती.

"विठे, मधी बोलू नगं," भिमाजी म्हणाला. "दाजी, उलटा तुमी."

रखमाजी दोघांच्या मधे उभा राहिला. एका अंगाला ते लवतं अंग, दुसऱ्या अंगाला ती मांडीवरची गाठ. त्याने हात मागे घेतले आणि पाठीशी एकात एक धरले.

"भिमाजीराव," तो म्हणाला, "मला काय कळतंय त्यातलं?"

भिमाजीचं तोंड पडलं. विठाबाई उठली, लुगडं झटकलं आणि गाठोडं काखेत मारून पुढे झाली.

तळेगावच्या वाटेला, त्याचा वास नाकाशी येऊ नये म्हणून, ती वाऱ्याच्या वरच्या अंगाने चालत होती आणि रखमाजी खालच्या. त्याच्याजवळ आता काहीच उरलं नव्हतं. मडम नाही, पाट नाही, कोंबड्या नाहीत. राहून राहून तो मागे वळून बघत होता.

"काय बघताय?"

"काय न्हाई. त्येचं उलटायला झालं हुतं. अगदी आत्ता."

"आत्ता न्हाई," विठाबाई म्हणाली. "काल दुपारीच झालं हुतं. आता वडलं की फाटंल."

रखमाजी चालता चालता थांबला. "तुला ठावं हुतं? मंग बोलली न्हाईस त्याला?"

"मला कुनी इचारलं?" ती चालतच राहिली. थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "वयनीनं बी गाठोडं बांधलंय. उद्या जाती ती सुदुंबऱ्याला, माहेराला. म्हनती, तितं तरी चार दिस सुकानं भाकरी खाईन."

वहिनीला तिथे फासा लावणारा भाऊ आहे का, असं रखमाजीच्या अगदी ओठावर आलं होतं. पण विठाबाई चालता चालता वाऱ्याच्या वरच्या अंगाकडून एक पाऊल त्याच्या बाजूला सरकली होती, म्हणून त्याने ते गिळलं आणि तो चालत राहिला.